पोरीसकट राहता येईल असं घर

अमेरिकेत कोणत्या घरात राहायचं हे यवतमाळात बसून ठरवायचं होतं, आणि महिनाअखेरपर्यंत तार गेली नसती तर दोन्ही घरं हातची गेली असती.

प्रेमसिंग राठोड शेतकी खात्यात होता, कापसाच्या बियाण्यावर काम करायचा. राळेगावच्या बाजूच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यात वाढलेला. त्या तांड्यातून नागपूरला जाऊन शेतकीची पदवी घेतलेला पहिलाच. त्रेसष्ट सालच्या उन्हाळ्यात त्याला ओक्लाहोमाच्या विद्यापीठात दोन वर्षं शिकायची शिष्यवृत्ती मिळाली. बायकोला सोबत नेण्याची परवानगीही मिळाली. तांड्यात बातमी पोचली त्या दिवशी नगारा वाजला होता, आणि त्याची बायको सुखीबाई सगळ्या बायांबरोबर नाचली होती. भीती नंतर आली. ती आली तेव्हा पिकातलं तण काढायच्या डवरणीचे दिवस होते आणि हातात तिथल्या प्रोफेसरांचं पत्र होतं.

प्रेमसिंगनं ते पत्र सरकारी क्वार्टरच्या ओट्यावर बसून तिला मराठीत सांगितलं. सुखीबाई सातवी शिकलेली होती, पण इंग्रजी तिला येत नव्हतं.

"दोन जागा पाह्यल्या त्यायनं आपल्यासाठी," तो म्हणाला. "एक कॉलेजच्या फाटकासमोर. मोठी इमारत हाये. पलंग, गाद्या, चादरी, टेबलं, सगळं आपल्या आधीच तिथं. चादरी धुवाले बाई येते. झाडाले मानूस येते. जेवन खालच्या हॉलात, घंटी झाली का जाऊन बसाचं. तुले काडी हालवाचं काम नाई."

"आन् दुसरी?"

"दुसरी म्हंजे एका म्हातारीच्या घराचा वरचा मजला. भाड्याचा. रिकामा, आपनच भांडीकुंडी आनाची. गॅसची चूल हाये. कॉलेजपासून मैलभर दूर. वरसाचा करार करा लागते." मग त्यानं पत्राची घडी घातली आणि घडी घालता घालता, आवाज जरासा खाली आणून, म्हणाला, "पह्यल्या जागेत लेकरं चालत नाई."

सुखीबाईनं अंगणात पाहिलं. त्यांची अडीच वर्षांची जमनी शेजारच्या शेळीच्या पाठीवर माती टाकत होती.

"मंग जमनी?"

"याडीजोळ राहीन. याडी तं एका पायावर तयार हाये. दोनच वरसं. आपन तिथं नवे, आपलंच आपल्याले समजाचं नाई, त्यात लेकरू कुठं सांभाळत बसशीन?"

याडी म्हणजे आई. प्रेमसिंगची आई रामीबाई तांड्यातच राहायची.  सुखीबाईला हो म्हणवेना आणि नाही म्हणायला कारण सापडेना. नवरा म्हणत होता त्यात खोटं काही नव्हतं. गॅसची चूल तिनं कधी पाहिली नव्हती. त्या म्हातारीशी ती एक शब्द बोलू शकली नसती. पण त्या दिवसापासून भाकरी थापताना, पाणी भरताना, कपडे वाळत घालताना ती थांबून जमनीकडं पाहत राहायची.

प्रेमसिंगलाही ते दिसत होतं. तो म्हणाला, आपण विजयमालाबाईंना विचारू. त्याचे वरचे साहेब भगवानराव वर्षभर इंग्लंडात राहून आले होते, आणि विजयमालाबाई त्यांच्यासोबत होत्या. यवतमाळात परदेशातलं घर चालवलेली बाई तेव्हा दुसरी कोण होती? एका रविवारी दोघं त्यांच्या बंगल्यावर गेले.

विजयमालाबाईंनी सुखीबाईला हाताला धरून आत नेलं, सोफ्यावर आपल्याशेजारी बसवलं. शेतकऱ्याच्या घरातली बाई; बोलण्यात मोकळी होती.

"फाटकासमोरची ती सर्व्हिस फ्लॅटसारखी जागाच घ्या," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून घ्या. आमच्याबरोबर नागपूरचं एक जोडपं होतं, त्यांनी भाड्याच्या खोल्या घेतल्या. काय हाल झाले त्या बाईचे! कोळसा दोन जिने चढवायचा. थंडीत नळाचं पाणी गोठलं की खालून बादली आणायची. एकदा तिनं मिरचीची फोडणी दिली तर घरमालकीण नाकाला रुमाल लावून वर आली, आणि दुसऱ्या दिवशी खोली सोडा म्हणाली. शेवटी त्या बाईला न्यूमोनिया झाला. आणि आमचं पाहा, सगळं आयतं. मी दुपारभर खिडकीशी बसून स्वेटर विणायची."

"ऐकलं?" प्रेमसिंग म्हणाला.

सुखीबाईनं मान हलवली. मग अवघडत विचारलं, "तुमचा बाबू तवा केवढा होता?"

"सुधीर? तीनाचा. सासूबाईंपाशी ठेवला होता वणीला."

"तुमी वापस आल्या तवा त्यानं वयखलं तुमाले?"

विजयमालाबाईंनी बशीतले चिवड्याचे दाणे बोटानं एका बाजूला केले. "लहान मुलं विसरतात हो," त्या म्हणाल्या. "मग हळूहळू परत शिकतात. आता पाहा, मागे मागे असतो."

त्यांनी ते चांगल्या मनानं सांगितलं होतं. पण सुखीबाईला परतीच्या वाटेवर तेवढंच आठवत राहिलं, की मुलाला ते शिकावं लागलं होतं.

प्रेमसिंगच्या मनात वेगळंच चाललं होतं. त्याला मारेगावच्या बाजूला चार दिवसांचा दौरा होता, कपाशीचे प्लॉट पाहायचे होते. मुक्काम रेस्ट हाउसमध्ये. तिथं खानसामा होता, पलंग होते, टेबलावर जेवण होतं. "तू चाल माह्यासोबत," तो म्हणाला. "आयत्या घरात कसं राहाचं ते पाहून घे. काटाचमचा हातात धरून पाह्य. सवय होईन." आणि त्या चार दिवसांसाठी जमनीला तांड्यात सोडायचं होतं. तीही सवयच, असं तो म्हणाला नाही. पण दोघांनाही ते समजलं.

रामीबाईनं नातीला कडेवर घेतलं तेव्हा जमनी रडली नाही. दादीच्या हातातल्या बलोयांशी, त्या रुंद पांढऱ्या बांगड्यांशी, खेळत राहिली. आणि सुखीबाईला वाटलं, बरं झालं रडली नाही ते.

रेस्ट हाउस रस्त्यापासून आत, सागाच्या झाडांत होतं. उकंडा नावाचा वयस्क खानसामा सगळं पाहायचा. सकाळी प्रेमसिंग सायकलीवर प्लॉटांकडे निघून गेला की सुखीबाई एकटी. चहा ट्रेमध्ये यायचा. अंघोळीचं पाणी न्हाणीत आधीच ठेवलेलं असायचं. ती न्हाऊन बाहेर येईतो पलंगावरची चादर सरळ झालेली असायची आणि तिचं लुगडं कोणीतरी उचलून धुवायला नेलेलं असायचं. पहिल्या दिवशी तिला गंमत वाटली. जन्मात पहिल्यांदा कोणी तिच्यापुढं ताट वाढून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर तिनं आपलं ताट उचललं आणि मागच्या नळावर धुवायला बसली. उकंडा धावत आला.

"बाई, ठेवा ते. साहेबायनं पाह्यलं तं मले बोलतीन."

"माहंच ताट हाये, बावा. मी धुतलं तं काय झालं?"

"तुमी धुवाले लागल्या तं मंग मी कायले?" तो म्हणाला. रागानं नाही, विनवणीनं. तिनं ताट त्याच्या हातात दिलं.

मग ती व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसली. खुर्ची उंच होती, पाय पुरते टेकत नव्हते. समोर सागाची पानं, त्यापलीकडं रस्ता, रस्त्यानं अधूनमधून एखादी बैलगाडी. करायला काहीच नव्हतं. हात मांडीवर पडून राहिले. आणि हात रिकामे झाले तसं मन धावायला लागलं. जमनीनं दुपारी खाल्लं असेल का? तिला पिठलं तिखट लागतं, ते दादीला ठाऊक आहे का? ती झोपेत अंगावरचं पांघरूण लाथाडते, ते कोणी सारखं करत असेल का? दूर कुठं मोर ओरडला, तर सुखीबाई खुर्चीतून उठून उभी राहिली. मोर आहे हे कळल्यावरही तिला बसवेना.

हे चार दिवस. तिथं दोन वर्षं. असंच खुर्चीत बसायचं, असंच कोणी ताट हातातून काढून घ्यायचं, आणि मोर ओरडायलाही नसणार.

संध्याकाळी प्रेमसिंग यायचा तो खुशीत. ती काट्यानं बटाटा उचलते हे पाहून त्याला फार बरं वाटलं. "पाह्य, जमलं का नाई? मी कायले भेत होतो?" तो म्हणाला. ती हसली. त्याच्या आनंदात माती कालवावीशी वाटेना. तिला इतकंच कळत होतं, की ताटातलं अन्न चांगलं होतं आणि निम्मं ताटातच राहत होतं.

चौथ्या दिवशी बसनं परत फिरून, पुढं पायवाटेनं चालत ते तांड्यावर आले तेव्हा ऊन कलत होतं. घरापुढं रामीबाई तूर निवडत बसली होती आणि जमनी तिच्या पाठीला लोंबकळत होती. सुखीबाईनं दुरूनच हाक मारली. जमनीनं पाहिलं. ओळखीच्या माणसाकडं पाहतात तसं पाहिलं. पण ती धावली नाही. सुखीबाई जवळ गेली, हात पुढं केले, तशी पोर दादीच्या डोक्यावरून घेतलेल्या फडकीखाली शिरली आणि आतून म्हणाली, "याडी."

ती हाक सुखीबाईला नव्हती. रामीबाईला होती.

रामीबाई हसली. "पाह्य वं, चार दिवसात माही झाली," ती म्हणाली. त्यात दुखवायचं काही नव्हतं, म्हातारपणी लाभलेलं सुख होतं. प्रेमसिंग चटकन म्हणाला, "आमी सारे याडी म्हनतो ना हिले, ते ऐकून म्हनते पोरगी." तेही खरंच होतं. सुखीबाई हात तसेच धरून क्षणभर उभी राहिली. मग खाली बसली आणि सुपातली तूर निवडायला लागली, कारण तिला हातांना काहीतरी हवं होतं.

पोर धडधाकट होती. न्हाऊमाखू घातलेली, पोट भरलेली, केसांना तेल लावलेली. तिला कसलंच दुःख झालेलं दिसत नव्हतं. तासाभरानं ती आपणहून येऊन सुखीबाईच्या मांडीवर बसली, जसं काही झालंच नाही. 

जेवणं झाल्यावर, अजून उजेड होता तेवढ्यात, ती सासूसासऱ्यांसमोर बोलली. एरवी ती त्यांच्यापुढं फारसं बोलत नसे.

"जमनीले मी सोबत नेतो म्हन्लं."

रामीबाईचा हात थांबला. "काहून? मी मेली का?"

"तसं नाई."

"मंग कसं? सहा पोरं वाढवली या हातानं. एक नात जड होईन का मले?" तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "आन् तू तिथं एकटी. तो दिवसभर कॉलेजात. बोली येत नाई तुले. बरफ पडते म्हन्ते तिथं. पोरीले ताप भरला तं कोनाले हाक मारशीन? सांग मले. कोनाले?"

 हाच प्रश्न सुखीबाई स्वतःला आठ दिवस विचारत होती. तिनं सासऱ्याकडं पाहिलं. शंकरसिंग म्हातारा झाला होता. त्याच्या लहानपणी त्याच्या आईबापानं बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून शेवटच्या काही खेपा केल्या होत्या. तिला वाटलं, हा तरी म्हणेल, लेकरं घेऊनच आपली जात फिरली.

शंकरसिंग वेगळंच बोलला. "लोकं सांगते, तांडा मजेत चाले. माह्या पाठचे दोन भाऊ रस्त्यात गेले. एकाले वर्धेच्या काठी ठेवलं. दुसऱ्याले कुठं ठेवलं ते मायलेही मंग आठवत नव्हतं. लेकराले जमिनीचा लळा लागते, सुखी. राहू दे तिले इथं."

 प्रेमसिंगनं जमिनीकडं पाहत नख खरडलं. सुखीबाईनं लेकीला उचललं आणि घरात नेऊन झोपवलं.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला जाणाऱ्या बसमध्ये जमनी तिच्या मांडीवर होती. तार करायला तीन-चार दिवस उरले होते. कळंब मागं पडलं.

"याडी आन् बा खोटं बोलले नाई," प्रेमसिंग म्हणाला.

"नाई बोलले."

"मंग?"

सुखीबाई खिडकीबाहेर पाहत होती. "मी तिले पाह्यलं काल. तिले माह्यावाचून चालते. चांगली राहीन ते दादीजोळ, मस्त राहीन. मलेच नाई चालत." ती थोडं थांबली. "मी त्या खुर्चीत बसून बसून येडी होईन. आन् मंग तुमचा अभ्यास काय होईन?"

 प्रेमसिंग शेजारच्या बाकावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलला.

"तुले एक सांगू? मले भेव वाटते. नागपूरले पह्यल्या वरसाले मी कसाबसा पास झालतो. इंग्रजीत सांगत, मले समजत नसे, मी मान हालवत जाओ. तिथं तं सारंच इंग्रजी. मी फेल होऊन वापस आलो तं तांड्यात तोंड दाखवता येईन का? मले वाटलं, घराची कटकट नसन तं मी दिवसरात पुस्तकात डोकं घालीन. आयती जागा मी तुह्यासाठी नाई, माह्यासाठी पाहून राह्यलो होतो."

इतक्या वर्षांत त्यानं तिला हे कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं, भीती ही तिची एकटीची गोष्ट आहे. नवरा शिकलेला, त्याला कसली भीती? आता दोन भित्री माणसं एका बाकावर बसली होती. तिला त्यानं धीर आला असं नाही. पण एकटेपणा थोडा कमी झाला.

"घराचं मी पाहीन," ती म्हणाली. "कोळसा आनीन, बरफातून चालीन. फोडनी नाई देनार. तुमी पुस्तकातून डोकं काढू नका. पन मले पोरगी पाह्यजे."

"आन् ताप आला तं?"

"तेच शिकतो मी आता."

ती शिकली ती विजयमालाबाईंकडं. दुसऱ्याच दिवशी जमनीला कडेवर घेऊन ती बंगल्यावर गेली आणि म्हणाली, मला इंग्रजी शिकवा; पण पुस्तकातलं नको. पोर आजारी पडली तर काय ओरडायचं ते शिकवा. विजयमालाबाई आधी हसल्या, मग हसायच्या थांबल्या. "भाड्याचंच ठरवलंत?" त्यांनी विचारलं. सुखीबाईनं मान हलवली. त्यांनी वाद घातला नाही. रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून त्या शिकवू लागल्या: माय चाइल्ड इज सिक. प्लीज कॉल द डॉक्टर. शी इज व्हेरी हॉट. सुखीबाई पोळ्या लाटत ते घोकायची. 'चाइल्ड' तिच्या तोंडात नीट बसेना. चार दिवस तिथंच अडकली.

"सुधीरला नेलं असतं तर," विजयमालाबाई एका दुपारी मधेच म्हणाल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि सुखीबाईनं विचारलं नाही.

तार त्याआधीच गेली होती. प्रेमसिंगनं तारघरात उभं राहून मजकूर लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. सुखीबाई दाराशी जमनीला घेऊन उभी होती. म्हातारीच्या घराचा वरचा मजला घेतो, पत्नी आणि एक मूल सोबत येत आहे. तारबाबूनं शब्द मोजले, कागद ओढून घेतला, संपलं. बाहेर आल्यावर प्रेमसिंगला घाम फुटला होता.

उत्तर येईना. आठ दिवस गेले. मुंबईहून जहाजाची तारीख पक्की झाली, देवीची लस टोचून झाली, जमनीचा दंड सुजला आणि उतरला, तरी उत्तर नाही. सुखीबाई सायकलची घंटी वाजली की दारात यायची. रामीबाईनं तांड्याहून निरोप पाठवला, की अजूनही पोर ठेवायची असेल तर ती येऊन घेऊन जाते. त्या निरोपावर सुखीबाईनं परत निरोप दिला नाही. तिला भीती वाटत होती, की बोलायला तोंड उघडलं तर हो म्हणून बसेल.

मग उत्तर आलं, आणि ते वाईट होतं. म्हातारीचा मजला दुसऱ्या कुणी घेतला होता. कॉलेजसमोरच्या इमारतीत एक खोली अजून होती. आणखी एक जागा प्रोफेसरांना सापडली होती: गावाबाहेर दोन मैलांवर, एका शेताच्या कडेला, शेतमालकाच्या गड्यासाठी बांधलेलं दोन खोल्यांचं घर. जवळ दुसरं घर नाही. हवं ते कळवा.

प्रेमसिंगनं तार वाचली आणि ओट्यावर बसला. आता तो तिला काही समजावून सांगत नव्हता. नुसतं तिच्याकडं पाहत होता. "आता?" त्यानं विचारलं.

 जवळ घर नाही म्हणजे सुखीबाई इतक्या मेहनतीनं शिकलेली वाक्यं कुणाला ऐकवणार? तिला रामीबाईचा आवाज ऐकू आला, शंकरसिंगच्या भावांची आठवण झाली. वर्धेच्या काठाची ती जागा तिनं पाहिलेली नव्हती, पण डोळ्यांपुढं उभी राहिली. इमारतीतल्या खोलीला अजून हो म्हणता येत होतं.

"त्या शेताच्या घरात लेकरू चालते का?" तिनं विचारलं.

"चालते."

"मंग तेच कळवा."

पुढं त्या घरात काय काय झालं ते सांगायचं तर वेगळी गोष्ट होईल. हिवाळ्यात खिडकीच्या फटींतून वारा शिरायचा. पहिले दोन महिने सुखीबाई रोज कधी ना कधी रडायची, आणि सासू म्हणाली तेच खरं होतं असं तिला अनेकदा वाटलं. शेतमालकाची बायको आठवड्यातून एकदा अंडी घेऊन यायची. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं. प्रेमसिंग एका विषयात एकदा नापास झाला, मग पास झाला, आणि दोन वर्षांनी पदवी घेऊन परतला. जमनी तिथं मोठी झाली, आजारी पडली, बरी झाली. पण हे सगळं व्हायचं होतं. ऑगस्टमध्ये निघायच्या त्या दिवशी, यवतमाळच्या बसस्टँडवर, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं.

रामीबाई आली होती. येणार नाही असं तिनं सांगितलं होतं, तरी आली. धामणगावची बस लागेपर्यंत तिनं जमनीला कडेवरून उतरू दिलं नाही. कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा तिनं पोर सुखीबाईच्या हातात दिली आणि काही न बोलता पाठ फिरवून चालू लागली. जमनी हंबरडा फोडून दादीकडं झेपावली. सुखीबाईच्या खांद्यावर, तोंडावर तिनं मुठी मारल्या. "याडी, याडी" म्हणून ओरडली, आणि ती हाक कुणाला होती हे सुखीबाईला माहीत होतं. बस सुटली. शंकरसिंग काठी धरून तिथंच उभा राहिला.

बाभुळगाव येईतो पोर रडली. मग हुंदके देत झोपली. सुखीबाईचा खांदा ओला झाला होता. आपण तिला आणलं की हिसकावून घेतलं, हे तिला ठरवता येईना.

धामणगावच्या फलाटावर दुपारचं ऊन होतं. प्रेमसिंग ट्रंका एकावर एक रचून त्यांच्यावर हात ठेवून उभा होता, जणू त्याही पळून जातील. त्यानं कोट घातला होता आणि कॉलर घामानं भिजली होती.

"भेव वाटते?" त्यानं विचारलं.

"वाटते."

"मलेही."

जमनी जागी झाली. इकडंतिकडं पाहिलं, दादी दिसली नाही, ओठ थरथरले. पण रडली नाही. पाणी मागितलं. सुखीबाईनं तांब्यातलं पाणी तिला पाजलं, उरलेलं स्वतः प्यायली. दूरवर मुंबईच्या गाडीचा धूर दिसायला लागला आणि फलाटावरची माणसं उठून उभी राहिली. गाडी येऊन थांबली तशी प्रेमसिंगनं पहिली ट्रंक उचलली. सुखीबाईनं पोरीला कडेवर घट्ट धरलं, दुसऱ्या हातानं डब्याचा गज धरून वर चढली, आणि आत कुठं जागा आहे का ते पाहू लागली.